विम्यापलीकडचा हिशोब

खंडेनवमीच्या सकाळी भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोली अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारावा. एरवी तेलाने काळवंडलेली फरशी त्या दिवशी धुतलेली असते. लेथ, ड्रिल आणि पॉवर प्रेस पुसून लख्ख केलेले असतात, त्यांना झेंडूचे हार घातलेले असतात. मालक सपत्नीक येतात, यंत्रांना हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो आणि कामगारांच्या हाती पेढे पडतात. यंत्र म्हणजे केवळ लोखंड नव्हे, ते अन्नदाते आहे, हा भाव त्या पूजेमागे असतो आणि तो खोटाही नसतो.

परंतु दसरा सरतो, हार सुकतात. पूजेपुरते प्रेसवर चढवलेले संरक्षक जाळे ‘काम हळू होते’ या कारणास्तव पुन्हा कोपऱ्यात जाते. मग एखाद्या रात्रपाळीत, पत्र्याचा तुकडा डायमध्ये सरळ करताना, विशी-बाविशीतील एका हेल्परचे बोट आत राहते. आरडाओरड होते, यंत्र थांबते, फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन कोणीतरी रिक्षा गाठतो. त्या मध्यरात्री मालकाला फोन जातो, तेव्हा अनेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो, ‘‘त्याचे ईएसआयमध्ये नाव आहे ना?’’ उत्तर होकारार्थी आले की सुटकेचा निःश्वास पडतो. उपचार विम्यातून होतील, पगाराची भरपाई विम्यातून होईल, प्रकरण मिटले!

प्रकरण खरोखर मिटते काय? या एका प्रश्नाचा प्रामाणिकपणे पाठपुरावा केला, तर आपल्या लघु व मध्यम उद्योगांच्या हिशोबातील एक मोठे छिद्र दृष्टीस पडते. विमा भरपाई करतो ती दुखापतीच्या एका भागाची. उरलेला भाग कारखान्याच्या वेगवेगळ्या खात्यांत गुपचूप विखुरला जातो, आणि जो तिथेही मावत नाही तो कामगाराच्या घरी जाऊन बसतो.

सपाट वर्गणीचा भ्रम

कर्मचारी राज्य विमा योजना ही स्वतंत्र भारताच्या आरंभकाळातील एक थोर व्यवस्था होय. 1948 मध्ये तिचा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे ती प्रत्यक्षात सुरू झाली. या योजनेत जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराची 0.75 टक्के आहे. 15,000 रुपये वेतन असलेल्या कामगारामागे मालक महिन्याला सुमारे 488 रुपये भरतो.

यातील मर्माची बाब अशी की ही वर्गणी सपाट आहे. ज्या कारखान्यात दहा वर्षांत एकही बोट गेले नाही तोही 3.25 टक्केच भरतो, आणि ज्या कारखान्यात दर वर्षी दोन हात निकामी होतात तोही तेवढेच भरतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कामगार-भरपाईच्या विम्याचा हप्ता मोठ्या प्रमाणावर त्या त्या कारखान्याच्या पूर्वेतिहासावर ठरतो. अपघात वाढले की हप्ता वाढतो आणि मालकाचे डोळे उघडतात. आपल्याकडे तो चिमटा बसत नाही. सर्वांनी सर्वांचा भार उचलावा हे तत्त्व कामगाराच्या दृष्टीने उत्तमच आहे, कारण त्यामुळे मालक दिवाळखोर निघाला तरी जखमीचे उपचार थांबत नाहीत. परंतु त्याच तत्त्वाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की अपघाताची किंमत ताळेबंदात कुठेच उमटेनाशी झाली. जे लिहिले जात नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय मग आपोआप लागते.

या विम्याचा उगम विसरला गेल्यामुळेही हा गैरसमज बळावला आहे. 1884 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी सरकारकडे मागण्या मांडल्या. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच त्यांत आणखी एक मागणी होती. कामावर जबर जखमी झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. त्या मागणीनंतर भरपाईचा कायदा होण्यास 1923 साल उजाडावे लागले, म्हणजे एकोणचाळीस वर्षे गेली. ज्यांनी ही मागणी केली त्यांनी ती जखमी माणसाच्या आधारासाठी केली होती. मालकाला निश्चिंत झोप लागावी हा तिचा हेतू नव्हता.

पहिल्या दिवसाचा हिशोब

आता त्या रात्रपाळीकडे पुन्हा वळू. अपघात झाला त्या क्षणी एक यंत्र थांबले असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः सगळी पाळीच थांबते. शेजारच्या यंत्रावरचे हात थबकतात. दोन अनुभवी माणसे जखमीबरोबर रुग्णालयात जातात, पर्यवेक्षक फोनवर अडकतो, उरलेले घोळक्याने उभे राहतात. ज्या डायमध्ये रक्त सांडले ती डाय खोलावी, धुवावी आणि पुन्हा बसवावी लागते. डायसेटर सकाळी येणार असेल तर यंत्र सकाळपर्यंत उभे. त्या खेपेतील अर्धवट माल बाद होतो. पुढच्या टप्प्यावर, म्हणजे वेल्डिंगला किंवा प्लेटिंगला, सुटा भाग पोहोचत नाही म्हणून तेथील माणसे बसून पगार घेतात.

दुसऱ्या दिवशी कागद सुरू होतात. अपघाताची सूचना, विमा महामंडळाचा अहवाल, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांची भेट, प्रसंगी पोलीस ठाणे. लहान कारखान्यात या सर्वांसाठी वेगळा अधिकारी नसतो. जो मालक ग्राहकाशी बोलतो, कच्चा माल ठरवतो आणि बँकेत जातो, तोच मालक आता या कागदांमागे धावतो. त्या आठवड्यात जी नवी ऑर्डर मिळवता आली असती ती कोणत्याही खात्यात ‘अपघातामुळे गेली’ अशी नोंदवली जात नाही. ती फक्त मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी माल पाठवायचा असतो. वाहन उद्योगातील मोठे कारखाने आज साठा करून ठेवत नाहीत. सुटे भाग ठरलेल्या वेळी थेट जुळणीच्या रांगेवर पोहोचावेत अशी त्यांची रचना असते. ठरलेला टेम्पो गेला नाही तर मग जादा पाळी, जादा दराची मजुरी आणि स्वतंत्र गाडी करून रातोरात माल पोहोचवणे आले. त्यातही उशीर झाला तर देयकातून कपात होते.

हे सर्व खर्च खरे आहेत आणि रोख आहेत. पण ते जमा होतात कुठे? काही ‘ओव्हरटाइम’मध्ये, काही ‘वाहतूक’मध्ये, काही ‘दुरुस्ती’मध्ये, काही ‘रिजेक्शन’मध्ये. वर्षअखेरीस हिशोबनीस सांगतो की यंदा वाहतूक खर्च जरा जास्त झाला. का झाला, हे त्याला ठाऊक नसते आणि मालकाच्या स्मरणात राहिलेले नसते.

या विखुरलेल्या खर्चाचे वजन किती, हे एका साध्या गणिताने समजते. उदाहरणादाखल समजावे की एखाद्या कारखान्याला विक्रीवर 5 टक्के निव्वळ नफा सुटतो आणि एका अपघाताचा असा विखुरलेला खर्च 3 लाख रुपये झाला. तो भरून काढण्यासाठी त्या कारखान्याला 60 लाख रुपयांचा जादा माल विकावा लागेल. 60 लाखांची विक्री वाढवणे किती कष्टाचे असते हे कोणत्याही लघुउद्योजकास विचारावे. प्रेसवर दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय फटका न पडणारी यंत्रणा किंवा प्रकाशकिरणांचा पडदा बसविण्याचा खर्च त्या तुलनेत कितीसा?

बोट चौदा टक्के, विद्या किती?

कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची टक्केवारी दिलेली आहे. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के गेली असे मानतात. संपूर्ण तर्जनी 14 टक्के, मधले बोट 12 टक्के, अनामिका किंवा करंगळी 7 टक्के. राज्य विम्यातील कायम अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या 90 टक्के रकमेवर या टक्केवारीने निघतो. म्हणजे 15,000 रुपये मिळविणाऱ्या कामगाराची तर्जनी गेली, तर त्याला महिन्याकाठी सुमारे 1,900 रुपये मिळतील. नसण्यापेक्षा हे निश्चितच बरे. परंतु तर्जनी आणि अंगठा यांच्या चिमटीत पत्रा धरून, त्याची जाडी नुसत्या स्पर्शाने ओळखणाऱ्या कारागिराची 14 टक्केच क्षमता गेली, असे कोणता कारागीर मान्य करील?

उद्योगाच्या दृष्टीनेही हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. कुशल कामगाराच्या हातात जी विद्या असते ती कोणत्याही नकाशात उतरलेली नसते. अमुक डाय गरम झाली की किंचित चिकटते, तमुक पुरवठादाराचा पत्रा कडेला लाटांसारखा येतो, सात नंबरच्या प्रेसचा आवाज बदलला की क्लच पाहावा, हे त्याने वर्षानुवर्षे उभे राहून मिळविलेले ज्ञान असते. तो सहा महिने घरी बसला किंवा कायमचा गेला की त्याच्या जागी ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी पाठविलेला नवा मुलगा उभा राहतो. हजेरीपटावर जागा भरलेली दिसते, विद्येची जागा मात्र रिकामीच राहते. मग बाद मालाचे प्रमाण वाढते, यंत्र वारंवार बिघडते, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या नव्या मुलाच्याच हाताला पुढचा अपघात होण्याची शक्यता वाढते. अशा रीतीने एक दुखापत दुसरीला जन्म देते.

विश्वास नावाचे भांडवल

याहून खोल असलेली हानी मोजपट्टीत येत नाही. ज्यांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला, ते दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रांसमोर उभे राहतात. काहींचा हात कचरतो आणि कामाचा वेग मंदावतो. काही जण बेफिकिरीचा आव आणतात. अनेकजण गप्प राहून पाहत असतात, की मालक जखमीला भेटायला गेला की नाही, त्याला परत कामावर घेतले की ‘आता तुला झेपणार नाही’ म्हणून हिशोब हातावर ठेवला. त्या आठवडाभरात मालक जसा वागतो, त्यावरून पुढील दहा वर्षे कामगार त्याच्याशी कसे वागतील हे ठरते.

वार्षिक स्नेहभोजनात ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ असे म्हणणे सोपे असते. कुटुंबात कोणाचा हात भाजला तर विम्याचा कागद आधी शोधला जात नाही. कामगारांना शब्दांतील आणि वागण्यातील हा फरक पुरता कळतो. ज्याच्यावर विश्वास नाही अशा मालकाच्या कारखान्यात कामगार आपले काम करतो, पण डोके वापरत नाही. यंत्राचा आवाज बदललेला त्याला ऐकू येतो, तरी तो सांगत नाही. माल चुकतो आहे हे त्याला दिसते, तरी ते तपासनीसाचे काम असे तो मानतो. कारखान्याची गुणवत्ता या न बोललेल्या वाक्यांत वाहून जाते.

ही कीर्ती वसाहतीच्या फाटकाबाहेरही पोहोचते. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेली मुले एका खोलीत सहा-सहा जण राहतात. कोणत्या कंपनीत बोटे जातात हे त्या खोल्यांमध्ये सर्वांना ठाऊक असते. ज्यांना अन्यत्र काम मिळते ते तिकडे जातात. अशा कारखान्याच्या वाट्याला अगदी नवखे किंवा अगदी नाइलाजाने आलेले एवढेच मनुष्यबळ उरते. ‘हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्यांनी आपल्या प्रेसची स्थितीही एकदा पाहून घ्यावी.

बाजारही आता विचारू लागला आहे

पूर्वी पुरवठादाराच्या कारखान्यात काय घडते याच्याशी मोठ्या खरेदीदाराला कर्तव्य नसे. भाव आणि वेळ पाळली की झाले. ही स्थिती पालटत आहे. ‘सेबी’ने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून व्यावसायिक जबाबदारीचा विस्तृत अहवाल अनिवार्य केला. कामावरील दुखापतींचे प्रमाण आणि मृत्यूंची संख्या त्यात जाहीर करावी लागते. 2018 मध्ये आलेले आयएसओ 45001 हे व्यावसायिक सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक निर्यातदार खरेदीदार मागू लागले आहेत. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा-साखळीतील तुटलेल्या बोटांवर वार्षिक अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. पॉवर प्रेस हे या जखमांचे प्रमुख कारण असल्याचे आणि अनेकांचे विमापत्र अपघात झाल्यानंतरच हाती पडल्याचे चित्र त्या अहवालांतून पुढे आले. ज्या मोटारीच्या जाहिरातीत सहा एअरबॅगा मिरवल्या जातात, तिच्या सुट्या भागामागे कोणाची बोटे गेली, हा प्रश्न आता खरेदीदाराच्या संचालक मंडळापर्यंत जाऊन पोहोचतो.

मोठी दुर्घटना झाली तर परिणाम किती दूर जातो, याचे उदाहरण ताजे आहे. 30 जून 2025 रोजी तेलंगणातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारा घटक बनविणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि 40 हून अधिक कामगार प्राणास मुकले. कंपनीने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी 1 कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, त्या कारखान्यातील काम सुमारे 90 दिवस बंद राहील असे शेअर बाजारास कळविले, आणि तिच्या समभागांचा भाव कोसळला. विमा इमारतीची आणि यंत्रांची भरपाई देऊ शकेल, परंतु विम्यातून अनुभवी माणसे परत येत नाहीत.

डोंबिवलीचे उदाहरण तर घराजवळचे आहे. 26 मे 2016 रोजी तेथील रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तेच घडले. परिणामी धोकादायक उद्योग अन्यत्र हलविण्याचा निर्णय शासनाला जाहीर करावा लागला. यात जे उद्योजक नियम पाळून वर्षानुवर्षे काम करीत होते त्यांच्याही पायाखालची जमीन सरकली. शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत संपूर्ण वसाहत मोजते, ती अशी.

दुखापत हीच पूर्वसूचना

अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणारे एच. डब्ल्यू. हाइनरिक यांनी 1931 मध्ये औद्योगिक अपघातांवर ग्रंथ लिहिला. उघड खर्चाच्या चौपट खर्च छुपा असतो आणि एका गंभीर दुखापतीमागे 29 किरकोळ व 300 विनादुखापत प्रसंग असतात, अशी प्रमाणे त्यांनी मांडली. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तही आहे, कारण प्रत्येक उद्योगाचे प्रमाण वेगळे असते. ‘चौपट’ हा मंत्रासारखा जपण्याचा आकडा नव्हे. परंतु त्यामागील निरीक्षण टिकून आहे. मोठा अपघात बहुधा आकाशातून पडत नाही. आधी तो लहान रूपांत अनेकदा येऊन दार ठोठावून जातो.

भोपाळचे उदाहरण यापेक्षा स्पष्ट नाही. 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र जगाला ठाऊक आहे. त्याच युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि जानेवारी 1982 मध्ये पुन्हा गळती होऊन अनेक कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले होते. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 1982 पासून धोक्याची घंटा वाजवली. त्या एका मृत्यूकडे कामगाराची वैयक्तिक चूक म्हणून न पाहता कारखान्याच्या प्रकृतीचे लक्षण म्हणून पाहिले असते तर? इतिहासात ‘जर-तर’ला उत्तर नसते. एवढे मात्र खरे की हजारो निरपराध जीव गेले, भोपाळचा कारखाना पुन्हा उभा राहिला नाही, आणि जगभर पसरलेली ती कंपनी आक्रसत जाऊन 2001 मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

लहान कारखान्यातही हेच सूत्र लागू पडते. पेडल न दाबता प्रेसचा फटका आपोआप दुसऱ्यांदा पडला, तर क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली आहे हे उघड आहे. सुदैवाने त्या वेळी हात बाहेर असतो म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. ज्या दुर्लक्षामुळे ती झीज तशीच राहिली, त्याच दुर्लक्षामुळे डायची धार बोथट होते आणि मालाला बर येतो. सुरक्षितता आणि गुणवत्ता ही दोन खाती नव्हेतच. ती एकाच देखभालीची दोन फळे आहेत.

परंतु आपल्याकडे दुखापत लपविण्याकडे कल आहे. शासकीय आकडेवारीनुसार 2017 ते 2020 या काळात नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी 3 मृत्यू आणि 11 जखमी अशी नोंद झाली. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमीही नाहीत! ब्रिटनमध्ये 2023-24 या वर्षी कामावरील अपघातांत 138 मृत्यू झाले आणि मालकांनी कायद्यानुसार कळविलेल्या दुखापती 61 हजारांहून अधिक होत्या. तेथे एका मृत्यूमागे चारशेहून अधिक. मोजणीची व्याप्ती भिन्न आहे हे मान्य करूनही, भारतीय कामगार एक तर मरतो किंवा सुखरूप राहतो, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. प्रेत लपविता येत नाही, बोट लपविता येते, एवढाच त्याचा अर्थ. आणि जो उद्योग आपली बोटे लपवितो, तो स्वतःला मिळालेली पूर्वसूचनाच फाडून टाकतो.

दोन आक्षेप

यावर लघुउद्योजकांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मोठे खरेदीदार दर वर्षी भाव कमी करून मागतात, पैसे महिनोन्महिने अडकतात, मग सुरक्षेवर खर्च करायचा कशातून? हा आक्षेप खरेदीदारांनी ऐकायला हवा. पुरवठादाराच्या कारखान्यात तपासनीस पाठवून त्रुटींची यादी देणे आणि त्याच वेळी भाव आणखी दोन टक्के कमी करणे, हा दुटप्पीपणा होय. सुरक्षित मालाची किंमत ही मालाची खरी किंमत आहे. ती नाकारणारा खरेदीदार कोणाच्या तरी बोटांवर सवलत मिळवीत असतो.

दुसरा आक्षेप असा, की कामगार स्वतःच जाळे काढून ठेवतो, हातमोजे घालत नाही, मग दोष कोणाचा? निष्काळजी कामगार असतातच. परंतु तो जाळे का काढतो, हे एकदा विचारून पाहावे. जाळे लावून ठरलेले नग निघत नसतील आणि नग कमी पडल्यावर बोलणी बसत असतील, तर ते जाळे त्याने काढले असे म्हणण्यापेक्षा उत्पादनाच्या आकड्याने काढले असेच म्हणावे लागेल. ज्या पर्यवेक्षकाला सुरक्षेबद्दल कोणी विचारत नाही आणि नगांबद्दल दर तासाला विचारले जाते, तो कशाकडे लक्ष देईल हे सांगावयास नको.

शिवाय एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. सुरक्षितता नेहमी लगेच फायद्याची ठरते असे नाही. जोवर दुखापतीचा मोठा भार मालकाऐवजी जखमीच्या घरावर ढकलता येतो, तोवर काही काळ असुरक्षित कारखानाही नफा कमावू शकतो. तो मुलगा गावी परततो, त्याच्या बहिणीचे लग्न लांबते, धाकटा भाऊ शाळा सोडून त्याच्याच जागी कामाला येतो. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो, पण तो वसूल होतोच. म्हणूनच केवळ नफ्याच्या गणितावर विसंबून चालत नाही, कायद्याचा धाक लागतोच. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता लागू झाली. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या प्रकरणी होणाऱ्या दंडापैकी किमान निम्मी रक्कम पीडितास किंवा त्याच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकेल, ही तीतील तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या ठिकाणी ‘कारखाना’ ठरण्यासाठी 20 कामगारांची मर्यादा असल्याने असंख्य लहान वर्कशॉप त्या व्याख्येबाहेर राहतात. अनेक पॉवर प्रेस नेमके तेथेच आहेत. तिथे निरीक्षक क्वचितच पोहोचेल, मालकाची सदसद्विवेकबुद्धी आणि त्याचा हिशोब एवढेच पोहोचू शकतात.

खतावणीतील एक पान

1987 मध्ये पॉल ओनील यांनी अमेरिकेतील ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे घेतली, तेव्हा गुंतवणूकदारांसमोरील पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल सांगितले. काही गुंतवणूकदार घाबरून गेले. ओनील यांचा विचार साधा होता. माणूस का जखमी झाला हे शोधायचे तर काम नेमके कसे चालते हे मुळापासून समजून घ्यावे लागते, आणि ते समजले की कामातील इतर दोषही सुधारतात. पुढील तेरा वर्षांत काम बुडविणाऱ्या दुखापतींचे प्रमाण 100 कामगारांमागे 1.86 वरून 0.2 पर्यंत उतरले आणि 2000 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा पाचपट झाला होता. त्या नफ्यामागे बाजाराची स्थितीही होती, हे खरे. पण सुरक्षेमुळे नफा बुडतो, हा समज मात्र त्या तेरा वर्षांनी कायमचा मोडीत काढला.

आपल्या उद्योजकांनी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. खतावणीत एक पान उघडावे. त्या पानावर प्रत्येक दुखापतीची आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक प्रसंगाची नोंद करावी. किती तास यंत्र उभे राहिले, किती माल बाद झाला, जादा पाळी किती, गाडीभाडे किती, नवा माणूस तयार होण्यास किती दिवस लागले, मालकाचे किती दिवस गेले, हे सर्व त्याच पानावर लिहावे. ठेकेदाराच्या कामगाराची दुखापतही तेथेच लिहावी, कारण यंत्र ठेकेदाराचे नसते. वर्षअखेरीस त्या पानाची बेरीज करावी आणि विम्याच्या वर्गणीशी ती ताडून पाहावी. त्यानंतर कोणाला उपदेश करण्याची गरज उरणार नाही. आणि जखमी झालेल्या माणसाला झेपेल अशा कामावर सन्मानाने परत घ्यावे. तपासणी, साहित्य-भांडार, नव्या मुलांचे प्रशिक्षण अशी कामे कारखान्यात असतात. ज्याने बोट गमावले त्याच्याइतका सावधगिरीचा उत्तम शिक्षक दुसरा कोण असणार?

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा हार येतील, नारळ फुटेल. यंत्राची पूजा जरूर व्हावी. मात्र त्या सकाळी हळदकुंकू वाहण्यापूर्वी मालकाने प्रत्येक प्रेसचे जाळे स्वतःच्या हाताने हलवून पाहावे, क्लच तपासून घ्यावा आणि ते खतावणीतील पान कामगारांसमक्ष वाचावे. हार सुकल्यावरही ते जाळे जागेवर राहिले, तर पूजा पावली असे समजावे.